कललेला फोटो सरळ करताना रेघ कुठली धरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्राकाठी काढलेल्या एका ग्रुप फोटोत मागचं क्षितिज डावीकडे उतरलेलं दिसतंय. सॉफ्टवेअरमध्ये फिरवून सरळ केलं तर कोपऱ्यांत पांढरे त्रिकोण आले. ते छाटायला गेल्यावर कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा गेला. तीन-चार वेळा मागेपुढे फिरवून झाल्यावर फोटो पुसटही वाटायला लागला. दुसरा फोटो उंच इमारतीचा आहे. तो कितीही फिरवला तरी सरळ होत नाही, डावी भिंत उभी केली की उजवी पडते.

या दोन फोटोंची दुखणी वेगळी आहेत, म्हणून एकाच औषधाने दोन्ही बरे होणार नाहीत. पहिल्यात कॅमेरा कुशीवर कलला होता. दुसऱ्यात तो वर मान करून बघत होता. पहिला दोष फिरवून जातो, दुसरा फिरवून जातच नाही. आधी पहिल्याचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

फिरवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं आणि ते चोख करतं. कुठली रेघ आडवी मानायची हे मात्र तुम्ही सांगता, आणि चूक जवळपास नेहमी तिथेच होते. गवंडी भिंत बघून भिंत उभी करत नाही, ओळंबा सोडतो. फोटोतही आधी ओळंबा शोधायचा असतो.

खुल्या समुद्राचं क्षितिज मागे असेल तर शोधायला काही नाही, तीच पाणसळ. पण तळं, नदी, खाडी असेल तर सावध राहा. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो हे खरं, पण पलीकडचा काठ तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर फोटोत तो चढलेलाच दिसणार, कॅमेरा अगदी पातळीत असला तरीही. काठाचं जवळचं टोक खाली आणि लांबचं टोक वर दिसतं, आणि तुम्ही जितक्या उंचीवरून फोटो काढता तितका हा चढ वाढतो. मी स्वतः यात एकदा चांगलाच फसलोय. तळ्याकाठच्या एका समारंभाचे फोटो होते, साठेक तरी असतील. मी एकेका फोटोत काठाची रेघ धरून सगळे ‘सरळ’ केले आणि पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘सगळे दिव्याचे खांब एकाच बाजूला का झुकलेत?’ उघडून बघितलं तर खरंच, कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो बरोबर होते आणि मी बसून ते वाकडे केले होते.

तेव्हापासून पाणी असलेल्या फोटोत मी काठाकडे बघतच नाही, प्रतिबिंब बघतो. पाणी संथ असेल तर झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा, किंवा दिवा आणि त्याचं प्रतिबिंब, यांना जोडणारी रेघ प्रत्यक्षात ओळंब्यातच असते. फोटोच्या मध्याजवळची अशी एखादी जोडी निवडा, दोन टोकांमध्ये रेघ ओढा आणि ती उभी करा. मध्याजवळचीच का, ते इमारतीच्या फोटोच्या वेळी सांगतो.

पाणीही नाही आणि क्षितिजही नाही, अशा वेळी उभ्या गोष्टींवर भरवसा ठेवावा. दाराची चौकट, खिडकीची कड, इमारतीचा कोपरा, टांगलेला दिवा. आडव्या रेघा फसव्या असतात, कारण छज्जा, रस्त्याची कड, पायऱ्या, छताची कड या सगळ्या लांब जाताना तिरक्या होतात. भिंतीसमोर अगदी काटकोनात उभं राहून काढलेला फोटो असेल तरच आडवी रेघ धरावी. याला एक अपवाद आहे आणि तो खोल्यांच्या फोटोंत फार उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या बरोब्बर उंचीवर असलेली आडवी रेघ कुठल्याही दिशेने गेली तरी फोटोत आडवीच राहते. खोलीचा एखादा फोटो उघडून बघा. छताच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, जमिनीच्या वर चढतात. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, कॅमेऱ्याच्या उंचीवर, एखादी फळी किंवा खिडकीची आडवी पट्टी असते, जी ना चढते ना उतरते. ती सापडली की काम झालं.

माणसांच्या खांद्यांवरून किंवा डोळ्यांच्या रेघेवरून फोटो कधीही सरळ करू नका. माणसं एका पायावर भार देऊन उभी राहतात. झाडं, डोंगरउतार आणि जुनी कुंपणं यांनाही साक्षीदार म्हणून बोलावू नये.

रेघ ठरली की ती लांबात लांब ओढायची. हे कंटाळवाणं वाटेल, पण हिशेब बघा. २०० पिक्सेल लांबीची रेघ ओढली आणि एका टोकाला हात दोन पिक्सेल चुकला, तर कोनात अर्ध्या अंशाहून जास्त चूक होते. तीच दोन पिक्सेलची चूक ४००० पिक्सेलच्या रेघेवर झाली तर ती अंशाच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढी, म्हणजे नसल्यातच जमा. अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत अर्ध्या अंशाने क्षितिजाच्या दोन टोकांत साधारण ५२ पिक्सेलचा फरक पडतो. समुद्राच्या रेघेवर तो डोळ्याला टोचतो. जंगलाच्या फोटोत दोन अंशही कुणाच्या लक्षात येत नाहीत.

वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत क्षितिज मुळातच किंचित वाकलेलं असतं, मधे फुगलेलं किंवा दबलेलं. मग डावीकडचा तुकडा धरला तर एक कोन येतो, उजवीकडचा धरला तर दुसरा. आधी लेन्सचा दोष काढा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइलची, म्हणजे त्या लेन्सच्या दोषाच्या तयार नोंदीची, एक टिक असते. ती सोय नसेल तर फोटोच्या मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे सारख्या अंतरावरचे दोन बिंदू घ्या. कमान दोन्ही बाजूंना सारखी असते, त्यामुळे तिची दोन टोकं जोडणारी रेघ खरा कोन सांगते.

आता हत्यारं, म्हणजे फोटो दुरुस्त करायची सॉफ्टवेअर. लाइटरूममध्ये आर दाबून क्रॉप (छाटणी) उघडा, कंट्रोल धरून क्षितिजावर रेघ ओढा, सोडा, झालं. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत स्ट्रेटनचं चिन्ह येतं, तिथेही तसंच. तिथे ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ची टिक आधी काढून टाका, म्हणजे छाटलेला भाग फाइलमध्ये लपून राहतो आणि उद्या मत बदललं तर परत मिळतो. डार्कटेबलमध्ये ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’ हे मॉड्यूल उघडून उजवं बटण दाबून रेघ ओढायची. रॉथेरपीतही सरळ रेघ दाखवण्याची सोय आहे. गिंपमध्ये बरेच लोक रोटेट टूल घेऊन अंदाजाने आकडे टाकत बसतात, त्याची गरज नाही. २.१० आवृत्तीपासून मेझर टूलमध्येच स्ट्रेटनचं बटण आलंय. शिफ्ट आणि एम दाबा, क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजपट्टी ओढा, मग मोठं करून दोन्ही टोकं नीट बसवा आणि बटण दाबा. टोकं नंतर सरकवता येतात म्हणून मला हे टूल मनापासून आवडतं. बाकीच्या ठिकाणी बोट सुटलं की निकाल लागतो.

मोबाइलवर रेघ ओढायची सोय सहसा नसते, खाली चाक असतं. ते फिरवताना आडव्या-उभ्या जाळीकडे बघा आणि क्षितिज जाळीच्या एखाद्या रेघेजवळ आणून जुळवा. ‘ऑटो’ बटण एकदा दाबून बघायला हरकत नाही. समोर स्वच्छ क्षितिज किंवा भरपूर उभ्या कडा असतील तर ते चांगलं काम करतं, डोंगराच्या उतारावर मात्र हमखास फसतं.

मग तुमचे पांढरे त्रिकोण. चौकोनी कागद टेबलावर थोडा फिरवला तर त्याचे कोपरे टेबलाच्या कडांशी जुळत नाहीत, तसंच हे आहे. फोटो फिरला, चौकट जागेवर राहिली, मधली जागा रिकामी. ही रिकामी जागा जेपीईजीत पांढरी किंवा पार्श्वभूमीच्या रंगाची होऊन बसते. छाटताना किती जातं याचा अंदाज असावा. ३:२ प्रमाणाचा फोटो त्याच प्रमाणात ठेवायचा असेल तर एका अंशाला सुमारे ५ टक्के क्षेत्रफळ जातं, तीन अंशांना १४ टक्के आणि पाच अंशांना २१ टक्के. चौरस फोटोत हेच नुकसान कमी असतं, लांबोडक्या पॅनोरामात जास्त.

खांदा वाचवायचा उपाय यातच आहे. सॉफ्टवेअर मूळ प्रमाण राखून छाटतं, म्हणून ते रुंदी आणि उंची दोन्ही कमी करतं. ग्रुप फोटोत माणसं आडवी पसरलेली असतात आणि डोक्यावर आभाळ रिकामं पडलेलं असतं. मग रुंदी कशाला द्यायची? क्रॉपमधलं प्रमाणाचं कुलूप उघडा आणि आभाळ द्या. समजा फोटो ६००० बाय ४००० आहे आणि कल दोन अंशांचा आहे. प्रमाण राखून छाटलंत तर रुंदी ५७०५ वर येते, उंची ३८०३. उंची ३००० पर्यंत उतरवायची तयारी ठेवली तर तीच रुंदी जवळपास ५९०० राहते. हे १९५ पिक्सेल म्हणजे बऱ्याचदा तो अख्खा खांदा. चौकट डावी-उजवीकडे सरकवूनही बघा, सॉफ्टवेअर ती मधोमध ठेवतं पण तशी सक्ती नाही.

तेवढ्यानेही भागत नसेल तर कोपरे भरता येतात. फोटोशॉपच्या क्रॉपमध्ये कंटेंट-अवेअरचा पर्याय आहे, स्नॅपसीडच्या पर्स्पेक्टिव्ह टूलमध्येही कोपरे आपोआप भरायची सोय आहे. आभाळ, वाळू, पाणी असेल तर बेलाशक वापरा. कोपऱ्यात हात, कठडा, फरशी किंवा अक्षरं येत असतील तर नको. सॉफ्टवेअर हाताला सहावं बोट रंगवून ठेवतं आणि आपल्याला ते छापून आल्यावर दिसतं. बातमीसाठी किंवा पुरावा म्हणून द्यायच्या फोटोत तर कोपरे भरूच नयेत, छाटावेत.

पुसटपणाचं कारण वेगळं आहे. फोटो ९० अंशांत फिरवला तर प्रत्येक पिक्सेल उचलून दुसऱ्या घरात जसाच्या तसा ठेवता येतो. दीड अंश फिरवला तर नवी घरं जुन्या घरांवर बसतच नाहीत, दोघांच्या मधे कुठेतरी पडतात. मग शेजारपाजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून नवा रंग बनवावा लागतो आणि सरासरी म्हटली की धार बोथट होतेच. एका अंशाला दर ५७ पिक्सेलनंतर ओळ एका घराने सरकते. म्हणजे काही ठिकाणी नवं घर जुन्यावर नेमकं बसतं, काही ठिकाणी अर्ध्यात पडतं. अंधारात काढलेला दाणेदार फोटो साध्या लिनियर पद्धतीने थोडासा फिरवा आणि शंभर टक्क्यांवर बघा, दाणे कुठे तीक्ष्ण तर कुठे पुसट, असे पट्टे दिसतील. म्हणून सॉफ्टवेअरने सरासरी काढायची पद्धत विचारली तर लिनियरऐवजी क्युबिक निवडा, गिंपमध्ये नोहेलो किंवा लोहेलो.

एका फिरवण्याने होणारा पुसटपणा सहसा दिसतही नाही. तुमचा फोटो बिघडला तो तीन-चार वेळा फिरवल्यामुळे. दोन अंश फिरवला, जास्त वाटला, मग अर्धा अंश उलटा फिरवला, असं केलं की सरासरीचीही सरासरी निघते. जास्त झालं तर अनडू करा आणि मूळ फोटो एकदाच दीड अंश फिरवा. लाइटरूम, डार्कटेबल यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ही काळजी नसते. ते फक्त कोन लिहून ठेवतात आणि दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करतात, शंभरदा बदललंत तरी फोटो एकदाच फिरतो. क्रमही सांभाळावा. आधी लेन्सचा दोष, मग फिरवणं, मग छाटणं, आणि धार वाढवणं सगळ्यांत शेवटी.

(फोटो सबंधच कुशीवर पडलेला उघडत असेल तर त्याला कल म्हणत नाहीत. कॅमेरा फाइलमध्ये ‘मला कसं धरलं होतं’ याची एक नोंद ठेवतो. कॅमेरा जमिनीकडे रोखून काढलेल्या फोटोत ही नोंद बरेचदा चुकते. ९० अंशांचं बटण दाबा आणि विसरून जा.)

आता इमारत. उंच इमारत चौकटीत मावावी म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो, आणि त्या क्षणी सगळ्या उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकायला लागतात. डावी भिंत उजवीकडे, उजवी डावीकडे. फक्त मधोमधची उभी रेघ सरळ राहते. प्रतिबिंबाची जोडी मध्याजवळची घ्या म्हणालो ते यासाठीच. तुम्ही डावी भिंत धरून फोटो फिरवला, म्हणजे उजव्या भिंतीचा झुकाव दुप्पट केला. फिरवण्यासाठी मधली रेघ घ्यायची, दाराची मधली फट किंवा खिडक्यांच्या मधला खांब, जे काही मध्याजवळ असेल ते. ती ओळंब्यात आली की फिरवण्याचं काम संपलं. उरलेला झुकाव पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे कॅमेरा वर रोखल्यामुळे आलेला आहे.

तो काढायला लाइटरूमच्या ट्रान्सफॉर्म भागात व्हर्टिकलची पट्टी आहे, आणि त्याहून चांगलं म्हणजे गायडेड. इमारतीच्या डाव्या कडेवर एक रेघ, उजव्या कडेवर एक रेघ, हव्या तर आडव्या आणखी दोन. गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूल ‘करेक्टिव्ह’ दिशेला लावा, जाळीच्या कडा इमारतीच्या कडांवर बसवा आणि एंटर करा. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये सरळ करण्याच्या चाकाशेजारीच उभ्या आणि आडव्या पर्स्पेक्टिव्हची दोन चाकं असतात, पुष्कळांनी ती कधी हलवूनही बघितलेली नसतात.

इथे मोह आवरा. भिंती पूर्ण समांतर केल्या की इमारत वर फुगल्यासारखी, अंगावर येणारी दिसते. खाली उभं राहून वर बघणाऱ्या डोळ्याला थोडा झुकाव अपेक्षित असतो. मी लाइटरूमला पूर्ण सरळ करू देतो आणि मग व्हर्टिकलची पट्टी हाताने थोडी मागे घेतो, झुकावाचा पाचवा-सहावा हिस्सा राहू देतो. या दुरुस्तीत इमारत कधी बुटकी तर कधी ताणलेली दिसते. तसं झालं तर ॲस्पेक्टची पट्टी हलवून मूळ बांधा परत आणावा. शिवाय वरचा भाग ताणला जातो आणि खालचा आवळला जातो, त्यामुळे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत जागा रिकामी होते. फोटो काढतानाच इमारतीच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः खाली, मोकळी जागा सोडलेली असेल तर इथे वाचता. तुमच्या फोटोत इमारत दोन्ही कडांना चिकटलेली आहे. त्यात पूर्ण दुरुस्ती बसणार नाही, अर्धीच करा आणि राहिलेला झुकाव तसाच असू द्या.

कागदपत्रांचं स्कॅनिंग हा वेगळाच प्रकार आहे. थोडी पानं असतील तर पान काचेवर सरळ ठेवून पुन्हा स्कॅन करा, दुरुस्तीपेक्षा ते लवकर होतं. शेकडो असतील तर इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची डीस्क्यू ही पान सरळ करणारी आज्ञा ४० टक्क्यांच्या मर्यादेने एकदम सगळ्यांवर चालवा. मोबाइलने काढलेल्या पानाला फिरवण्यापेक्षा चार कोपरे धरून ताणणंच लागू पडतं.

मुद्दाम तिरका काढलेला फोटो मात्र सरळ करू नये. सोव्हिएत छायाचित्रकार अलेक्झांडर रॉदचेन्कोने १९२० आणि १९३० च्या दशकांत कॅमेरा इतका कलता धरला की आजही ते फोटो बघताना पाय सरकल्यासारखं होतं, आणि त्यांतला एकही सरळ करावासा वाटत नाही. माझा ठोकताळा असा की पंधरा अंश दिसले तर तो हेतू, दोन दिसले तर तो निष्काळजीपणा. मधले पाच-सात अंश असतील तर फोटो काढणाऱ्यालाच विचारतो.

झाल्यावर खात्री करण्यासाठी फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा करून बघा. बराच वेळ एकच फोटो बघितला की डोळ्याला त्याचा कल सवयीचा होतो, उलटा केला की चूक लगेच उठून दिसते. बघून झालं की परत सुलटा करायला विसरू नका. मी विसरलोय. फोटोतल्या दुकानाची पाटी उलटी छापून आली होती.

तुमच्या ग्रुप फोटोसाठी मूळ फाइल पुन्हा उघडा, फिरवून फिरवून पुसट झालेली नको. क्षितिज माणसांच्या मागे लपलंय, त्यामुळे रेघ डावीकडच्या मोकळ्या पाण्यापासून थेट उजवीकडच्या मोकळ्या पाण्यापर्यंत ओढा, मधल्या डोक्यांवरून गेली तरी चालेल. डावी बाजू उतरलेली आहे म्हणजे फोटो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल. उलट्या दिशेने फिरला तर गिंपमध्ये टूलची दिशा चुकीची लागलीय. मग प्रमाणाचं कुलूप काढा, वरचं आभाळ कापा, खांदा आत घ्या आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा.